वडिलांच्या माघारी घरात रिव्हॉल्व्हर अन् काडतुसं उरली तर काय करायचं, कुठून सुरुवात करायची

आमच्या दादांकडे लायसनचं रिव्हॉल्व्हर होतं. दादा म्हणजे वडील, आमच्याकडे वडलांना दादाच म्हणतात. कापसाचा व्यापार होता, त्या काळी सगळा व्यवहार रोखीत, जिनिंगवरून पैसे घेऊन खेडोपाडी शेतकऱ्यांना वाटायला जायचं, म्हणून त्यांनी काढलं होतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), सहा राऊंडचं, म्हणजे एका वेळी सहा काडतुसं बसणारं. आयुष्यात त्यांनी ते कोणावर उगारलं नाही, दसऱ्याला पुजायचं अन् परत कपाटात. गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आते त्या कपाटातल्या वस्तूचं काय करशीन?" तेव्हा लक्षात आलं की आपल्याला यातलं काहीच माहीत नाही. पुढचं दीड वर्ष मी जे हेलपाटे मारले त्यातले निम्मे माझ्याच चुकांमुळे होते, म्हणून हे लिहितोय. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे लायसन देणारे जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, अन् रस्ता तिन्ही जिल्ह्यांत साधारण हाच.

१. आधी हे डोक्यात पक्कं करा: ते हत्यार तुमचं नाही

शेत वारसाने येतं, घर येतं, सोनं येतं. हत्यार तसं येत नाही. लायसन माणसाच्या नावावर असतं, माणूस गेला की लायसन संपलं, अन् त्यानंतर ते घरात ठेवायचा कायदेशीर हक्क कोणालाच राहत नाही. "दादांचं लायसन २०२५ पर्यंत व्हॅलिड आहे ना" असं मीही म्हणालो होतो. काही उपयोग नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ मध्ये लिहिलंय की ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न करता हत्यार अन् काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडे जमा करायची. 'हत्यार अन् काडतुसं' असं आहे, नुसतं हत्यार नाही, हे पुढे कामाला येणार आहे. अन् बिनालायसन ठेवल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं, वर दंड. चार दिवस दुःखात गेले तर कोणी लगेच बेड्या घालत नाही, पण "वर्षश्राद्ध झालं की बघू" हे चालणार नाही.

२. हत्यार हलवायच्या आधी ठाण्यात फोन

कपाट उघडलं, रिव्हॉल्व्हर पिशवीत टाकलं, मोटरसायकलला लटकवलं अन् निघालो, असं करू नका. रस्त्यात नाकाबंदी लागली तर तुमच्या नावावर कुठलाच कागद नाही. चोपडा, यावल, शिरपूर या सातपुड्याच्या पट्ट्यात तर गावठी कट्टे पकडायचं काम बारा महिने चालू असतं, तिथे पोलिसाला तुमची कहाणी ऐकायला वेळ नाही. ठाण्यात फोन करा किंवा रिकाम्या हाताने जाऊन ठाणे अंमलदाराला सांगा की वडील वारले, लायसनचं हत्यार जमा करायचंय, कसं आणू. ते सांगतील तसं करा. आमच्याकडे हवालदार घरी आले होते.

अन् रिव्हॉल्व्हर भरलेलं आहे का रिकामं हे तुम्हाला उघडून बघता येत नसेल तर बघूच नका. भरलेलंच आहे असं समजा, पोरांना त्या खोलीतून बाहेर काढा, कुलूप लावा. आमच्या एका नातलगाने "बघू बघू" करत हातात घेऊन नळी सगळ्यांकडे फिरवली होती, तेव्हा आई जी ओरडली ती अजून कानात आहे.

जमा करताना पावती घ्यायचीच. त्यावर मेक, बोअर, हत्याराचा नंबर, काडतुसांचा आकडा, तारीख, सही, शिक्का. नंबर हत्यारावर खोदलेला असतो, तो लायसनवरच्या नंबराशी तिथेच उभं राहून जुळवा. आमच्या पावतीवर एक आकडा चुकला होता, ३ चा ८ झाला होता, तो दुरुस्त करून घ्यायला पुढे तीन चकरा झाल्या.

ठाण्यात ठेवायचं का डीलरकडे? ठाण्यात पैसे लागत नाहीत, पण मुद्देमालाच्या खोलीत कोण तेलपाणी करणार, वर्षभरात गंज धरू शकतो. डीलर महिन्याचं भाडं घेतो, पण पुसून ठेवतो. मला परत विचारलं तर मी डीलर म्हणेन.

३. काडतुसांचा हिशोब (इथेच माझं घोडं अडलं)

लायसनच्या पुस्तकात काडतूस खरेदीच्या नोंदी असतात, डीलर सही-शिक्का करून देतो. त्या बघून साधारण कळतं की घरात किती राऊंड असायला पाहिजेत. दादांनी कधी उडवलीच नव्हती, त्यामुळे हिशोब सोपा, २० घेतली, २० पाहिजे. कपाटात एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली १६ निघाली. हवालदार म्हणाले, "अन् चार?" मी म्हटलं, माले काय माहीत भो.

मग लिहून दिलं की उरलेल्यांबद्दल माहिती नाही, सापडल्यास जमा करू. दीडेक महिन्याने आईने दादांचा लग्नसराईतला कोट द्यायला काढला तर आतल्या खिशात चार राऊंड. पितळेवर हिरवट कळा चढलेली, एकाच्या शिशाच्या टोकावर पांढरी भुकटी. मी ते बघून खाली बसलो. एक मन म्हणालं की तापीत टाकून मोकळा हो. नाही टाकलं ते बरं झालं. सरळ ठाण्यात फोन केला, पुरवणी नोंद झाली, वेगळी पावती मिळाली, पाच मिनिटांचं काम. टाकली असती तर चार राऊंडचा हिशोब जन्मभर अधांतरी राहिला असता, अन् उद्या ती कोणाच्या पोराला वाळूत सापडली असती तर?

म्हणून, जमा करायच्या आधी सगळं घर उलथंपालथं करा. कोट, जुनी बॅग, गाडीचा डॅशबोर्ड, देव्हाऱ्याचा खण, शेतातल्या घराची पेटी. रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे उडवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी, सापडल्या तर त्याही बाजूला काढा, फेकू नका, भंगारवाल्याला पितळ म्हणून तर अजिबात देऊ नका. उडवलेल्या राऊंडचा पुरावा तोच असतो.

जुनी काडतुसं उडवून संपवू, असंही कोणी सुचवेल. भुसावळ-जळगावचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, ४५ डिग्री, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. अशा उष्णतेत पंधरा-वीस वर्षं पडलेल्या काडतुसाची दारू अन् टोपी (बुडाशी असलेली, दारू पेटवणारी) कशी वागेल काही सांगता येत नाही. काही उडतच नाहीत, काही अर्धवट उडतात, अन् अर्धवट उडालेलं जास्त वाईट. का, ते पुढच्या मुद्द्यात.

४. पुंगळ्या घरी भरायचं खूळ

हा मुद्दा मी टाकणार नव्हतो पण टाकतो, कारण माझा सुरतचा चुलतभाऊ हे खूळ घेऊन आला होता अन् तुमच्याकडेही कोणीतरी येईलच. त्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, अमेरिकेतला एक बाबा टेबलावर प्रेस लावून रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या परत भरतोय, अन् एकाच पुंगळीत एकावर एक दोन-तीन गोळ्या बसवतोय. ट्रिगर एकदा, गोळ्या तीन. भाऊ म्हणे, "राऊंड एवढे महाग, आपण पण बघू ना."

व्हिडिओ खोटा नाही. अमेरिकेत घरी काडतुसं भरणं हा लोकांचा छंद आहे, तिथला कायदा त्याला परवानगी देतो, अन् अनेक गोळ्यांचं काडतूस ही कल्पनाही जुनी आहे. त्यांच्या लष्करानेही १९६० च्या दशकात ७.६२ च्या रायफलसाठी एका पुंगळीत दोन गोळ्या असलेला राऊंड काढला होता, एम१९८ नावाचा. सैनिकाचा नेम थोडा चुकला तरी दोनातली एक लागावी, एवढाच हिशोब. पण तो राऊंड कारखान्यात बनलेला, दाबाची मोजणी झालेला. टेबलावर बसून अंदाजाने भरलेला नव्हे.

आता आपल्याकडचं. पहिली गोष्ट कायदा. काडतूस बनवणं हे कलम ५ खाली येतं, त्याला वेगळं लायसन लागतं, अन् बिनालायसन बनवल्याची शिक्षा २०१९ पासून कमीत कमी ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. हत्याराचं लायसन तुमच्याकडे असलं तरी ते हत्यार बाळगायचं आहे, काडतूस बनवायचं नाही. आपल्या भुसावळ तालुक्यातच वरणगावला काडतुसांचा सरकारी कारखाना आहे, आधी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाखाली होता, २०२१ पासून म्युनिशन्स इंडियाखाली. तिथे कामाला असलेला एक ओळखीचा माणूस, तीस वर्षं नोकरी झालेला, त्याला मी हा व्हिडिओ दाखवला. पूर्ण बघितलाही नाही त्याने. "आमच्याकडे तागडी, गेज, तपासणी, बठ्ठं आसीसन बी आम्ही भ्यातस," (सगळं असूनही आम्ही भितो) एवढं म्हणाला अन् चहा पिऊ लागला.

दुसरी गोष्ट, ही मला त्याच्याकडून अन् डीलरकडून समजली. पुंगळीतली जागा मोजकी असते. एका गोळीच्या जागी दोन-तीन कोंबल्या की दारूला जागा कमी पडते अन् ढकलायचं वजन वाढतं. दोन्हीमुळे दाब वाढतो, किती वाढेल ते यंत्राशिवाय कळत नाही. अमेरिकेतले लोक हे करतात ते बहुतेक .३८ स्पेशल किंवा .३५७ मॅग्नमच्या लांब पुंगळीत. आपलं .३२ चं काडतूस म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, नावात लाँग असलं तरी पुंगळी जेमतेम २३ मिलिमीटर, करंगळीच्या एका पेरापेक्षा फार मोठी नाही. भीतीपोटी दारू कमी घातली तर उलटी गंमत, मागची गोळी नळीतच अडकते. आवाज "फुस्स" येतो, माणसाला वाटतं राऊंड खराब निघाला, तो परत ट्रिगर दाबतो, अन् दुसरी गोळी अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते. नळी फुगते किंवा फाटते. जुन्या अर्धवट उडणाऱ्या काडतुसाचा धोकाही नेमका हाच. डीलरकडे असं फुगलेलं एक रिव्हॉल्व्हर होतं, नळीला मधोमध गाठ आलेली, अजगराने उंदीर गिळल्यासारखी. ते हातात घेऊन बघितल्यावर माझा चुलतभाऊ गप्प झाला, मी समजावून झाला नव्हता.

तर पुंगळ्या जशा आहेत तशा हिशोबाला ठेवा. लायसन झालं की नवी काडतुसं डीलरकडून, पावतीवर, पुस्तकात नोंद करून.

५. वारस कोण, हे घरातच मिटवा

शस्त्र नियम २०१६ चा नियम २५ बघा. लायसनधारक वारल्यावर त्याच्या कायदेशीर वारसाला लायसन देता येतं. अजून एक सोय आहे जी कोणी सांगत नाही: माणूस हयात असतानाच, वय ७० झालं असेल किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली असतील, तर तो स्वतः वारसाचं नाव देऊ शकतो. तुमचे वडील या वयात असतील तर आताच करून टाका, पुढचा अर्धा ताप वाचेल. आमचे दादा ७४ ला गेले. चार वर्षं हातात होती, कोणालाच माहीत नव्हतं.

एकापेक्षा जास्त वारस असतील तर बाकी सगळ्यांची ना हरकत लागते, बहिणींचीसुद्धा, लग्न होऊन नाशिक-पुण्याला असल्या तरी. आमच्या धाकट्या भावाने आधी "बघतो" म्हणून चार महिने लटकवलं, त्याचं दुखणं शेताच्या वाटणीचं होतं, निघालं इथे. म्हणून म्हणतो, दोन्ही विषय एका बैठकीत काढू नका.

वय २१ पूर्ण पाहिजे. एका माणसाला आता जास्तीत जास्त २ हत्यारं, २०१९ च्या आधी ३ होती. तुमच्याकडे आधीच दोन असतील तर वडिलांचं तिसरं घेता येणार नाही.

अन् नको असेल तर? सरळ सांगतो, नको असेल तर घेऊ नका. जमा केलेलं हत्यार कायदेशीर माणसाला किंवा डीलरला विकायचा हक्क वारसाला असतो, त्यासाठी लायसन शाखेत अर्ज करून परवानगी घ्यायची. पैसे फार येत नाहीत, पण डोक्याचा ताप जातो. फक्त जमा करून विसरू नका, ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर ते सरकारजमा होतं.

६. कागदपत्रं

मी जी फाईल दिली त्यात हे होतं, तुमच्या शाखेत एखादं कमी-जास्त मागतील, आधी विचारून घ्या:

- मृत्यूचा दाखला, चार-पाच मूळ प्रती काढून ठेवा
- वडिलांचं मूळ लायसनचं पुस्तक, आधी त्याच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, कोरी पानंसुद्धा
- हत्यार अन् काडतुसं जमा केल्याच्या पावत्या
- वारस दाखला किंवा वारसांचं प्रतिज्ञापत्र, बाकी वारसांची ना हरकत
- आधार, पॅन, रहिवासाचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा
- पांढऱ्या बॅकग्राउंडचे पासपोर्ट फोटो
- अर्जाचा फॉर्म ए-१
- ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, फॉर्म एस-१
- हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, फॉर्म एस-२
- शारीरिक अन् मानसिक तब्येतीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट, फॉर्म एस-३

नाव सगळीकडे एकसारखं आहे का बघा. माझ्या आधारवर वडलांचं नाव पूर्ण, शाळेच्या दाखल्यावर नुसतं लाडाचं नाव, त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. वडलांच्या लायसनवर यूआयएन म्हणजे देशभरचा ऑनलाइन नंबर आहे का तेही बघा, तो नसलेलं जुनं लायसन वैध धरत नाहीत, अन् मग वारसाची फाईल तिथेच अडकते.

एस-३ साठी ओळखीच्या डॉक्टरकडून ताप-खोकल्याचं असतं तसं लेटरहेडवर आणू नका. ठरलेला नमुना आहे त्यातच पाहिजे.

सातबारा जोडा, जोडून बिघडत नाही. पण "तुमच्या नावावर जमीन नाही, लायसन मिळणार नाही" असं एजंट सांगतात ते खरं नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून नाकारता येत नाही असं कलम १४ मध्येच लिहिलंय.

७. अर्ज

अर्ज ऑनलाइन, एनडीएएल-अलिस या शस्त्र लायसनच्या सरकारी पोर्टलवर. तिथे अर्जाचा प्रकार निवडताना वारस म्हणून आहे हे नीट दाखवा, मी घाईत नवीन लायसन म्हणून भरला अन् तो पहिला अर्ज वाया गेला. भरून झाला की प्रिंट, त्याला सगळे कागद, अन् ती फाईल जिल्हाधिकारी कार्यालयात. तिथल्या टपाल खिडकीवर दिलं तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. एजंट पन्नास हजारापासून सुरू करतात. माझा सगळा खर्च सरकारी फी, स्टॅम्प, झेरॉक्स, ट्रेनिंग धरून त्याच्या पाव पण झाला नाही. (पेट्रोल धरलं तर वेगळी गोष्ट.)

८. पोलीस चौकशी

फाईल तिथून एसपी ऑफिसला, तिथून तुमच्या ठाण्यात उतरते अन् जबाब होतो. विचारतात ते साधंच: काय करता, कोणाशी भांडण, गुन्हा दाखल आहे का, घरात लहान मुलं आहेत का, कुठे ठेवणार, कशासाठी पाहिजे. शेवटच्या प्रश्नाला लोक फिल्मी उत्तरं देतात, जिवाला धोका आहे वगैरे, मग कोणापासून, तक्रार केली होती का, असं वाढत जातं. मी सांगितलं, वडिलांचं आहे, वारस म्हणून मागतोय, रात्री केळीच्या मळ्यात पाणी द्यायला जावं लागतं. खरं तेच सांगितलं.

बांधावरून झालेल्या भांडणाची जुनी एनसी (अदखलपात्र तक्रारीची पोलिसांतली नोंद) असेल तरी लपवू नका. ते त्यांच्या रजिस्टरला असतंच, लपवलेलं सापडलं की मूळ भांडणापेक्षा लपवणं महागात पडतं.

नकार आला तर कारण लेखी मागा. त्यावर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील होतं, आपल्यासाठी ते नाशिकला.

९. लायसन हातात आल्यावर

लगेच ठाण्यात धावू नका. आधी लायसनवर हत्याराचा नंबर, बोअर, काडतुसांची मर्यादा, कुठल्या भागासाठी वैध, मुदत, सगळं वाचा. मुदत आता ५ वर्षं असते. नूतनीकरणाचा अर्ज संपायच्या दोन महिने आधी, मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून टाका.

हत्यार सोडवून आणलं की थेट घरी न नेता डीलरकडून तपासून घ्या, नळी, काडतुसांचं चक्कर फिरतंय का, स्प्रिंग. दादांची ती २० काडतुसं मी परत घेतलीच नाहीत, नष्ट करायला अर्ज दिला अन् नवीन ६ घेतली. घरात हत्यार रिकामं, कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, चाव्या वेगळ्या.

हळदीत नाही काढायचं. डीजे लागला, मामेभाऊ म्हणाला एक होऊन जाऊ दे, तरी नाही. आनंदाच्या गोळीबारालाही आता वेगळी शिक्षा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अन् निवडणूक लागली की जमा करायची नोटीस येऊ शकते. आली की जमा करायचं, पावती घ्यायची, निकालानंतर ती पावती दाखवून परत आणायचं. माझं लायसन होऊन पाच महिने झाले होते तेवढ्यात नोटीस आली. आई म्हणाली, "आत्ताच तं आनलं होतं ना रे?"